अर्धी फुली

भांडणात हरलेली माणसं जगात पुष्कळ असतील, जिंकलेलीही असतील. पण भांडण ऐन रंगात आलेलं असताना मध्येच उठून समोरच्याची बाजू सावरून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. त्यांना मामेसासरे म्हणावं तर ते चालत नाही. "नातं काढलंस की माणूस आला, आणि माणूस आला की मुद्दा गेला," असं त्यांचं म्हणणं. म्हणून सगळी डोंबिवली म्हणते तसं मीही त्यांना नुसतं मामा म्हणतो. आता मामा हेही नातंच आहे, हे त्यांच्या लक्षात आणून द्यायची हिंमत अजून कुणी केलेली नाही.

मामांचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं आहे. बोलणं तपासा, बोलणारा तपासू नका. चोराने दोन आणि दोन चार म्हटले म्हणून त्याचे पाच होत नाहीत, आणि साधूने पाच म्हटले म्हणून चाराचे पाच होत नाहीत. ऐकायला किती सोज्ज्वळ वाटतं! पण असा एक माणूस घरात असला की साधं, चारचौघांसारखं भांडणसुद्धा धड करता येत नाही. "तुला काय कळतंय त्यातलं" किंवा "आधी स्वतःकडे बघ" असं कुणी म्हणायचा अवकाश, मामा असतील तिथून उजव्या हाताचं बोट वर करतात, हवेत एक भलीमोठी फुली मारतात आणि "रिजेक्ट!" म्हणून ओरडतात. फुली दोन रेघांची. पहिली रेघ उजव्या खांद्यापासून डाव्या गुडघ्यापर्यंत, दुसरी डावीकडून उजवीकडे. मध्ये चहाचा कप आला तर तो जातो. आमच्याकडचे दोन कप असेच गेले आणि एकदा माझा चष्मा.

ही सवय कारखान्यातली. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मामांनी सगळी नोकरी माल तपासण्यात काढली. लेथवरून सुटे भाग यायचे, ते मापाला बरोबर असले तर पुढे जायचे आणि चुकले तर त्यावर मामांच्या लाल खडूची फुली पडायची. प्रत्येक ट्रेवर कारागिराच्या नंबराचा बिल्ला लावलेला असे. मामा तपासायला बसण्याआधी शेजारच्या माणसाकडून ते सगळे बिल्ले काढून घेत आणि काम संपल्यावर परत लावायला सांगत. "नंबर दिसला की हात अडतो रे," ते सांगतात. "मित्राचा माल चांगला वाटायला लागतो, खडूस माणसाचा वाकडा वाटतो. लोखंडाला काय माहीत, आपल्याला कुणी कापलंय?" या न्यायाने त्यांनी एकदा स्वतःच्या सख्ख्या साडूचा अख्खा ट्रे नापास केला होता. साडू दोन दिवाळ्या फराळाला आला नाही. मामांना त्याचं दुःख झालं, पण ट्रेबद्दल अजूनही पश्चात्ताप नाही. नोकरी संपली, खडू सुटला, फुली तेवढी हाताला राहिली.

त्यात मामांना बसून बोलता येत नाही. तोंड सुरू झालं की पाय सुरू होतात. आमच्या नौपाड्यातल्या घरात टीव्हीपासून खिडकीपर्यंत जेमतेम फिरण्यापुरती जागा आहे. तिथे ते इकडून तिकडे आणि तिकडून इकडे येरझारा घालतात, वळताना पडद्याची कड ओढतात, शोकेसमधला गणपती सरळ करतात, पंख्याचं बटण उगाच बंद करून पुन्हा चालू करतात. ऐकणाऱ्याची मान दुखायला लागते. मामा येऊन गेले की बायको आधी सतरंजी जागेवर आणते आणि मग मला म्हणते, "काय बोलत होते रे मामा?" मला ते कधीच सांगता येत नाही, कारण माझं सगळं लक्ष ते कुठे आदळतायत याकडे लागलेलं असतं.

आमच्या लग्नाच्या बैठकीतच मला त्यांचा पहिला प्रसाद मिळाला. माझे वडील मोठ्या अभिमानाने म्हणाले, "आमचा मुलगा एका शब्दाने खोटं बोलणार नाही. तो म्हणतोय ना, लग्न साधं करू, म्हणजे साधंच बरोबर." मामा ताडकन उठले, पोह्यांच्या बश्यांमधून वाट काढत खिडकीशी गेले आणि तिथून फुली मारली. "रिजेक्ट! मुलगा खरा असेल, पण म्हणून लग्न साधंच बरोबर कसं? खोटारड्या माणसालाही साधं लग्न सुचू शकतं." वडिलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. म्हणजे शिवी चालत नाही हे एक वेळ ठीक, पण यांना कौतुकही चालत नाही! बैठक मोडते की काय, असं वाटत असतानाच मामा पुढे म्हणाले, "लग्न साधंच व्हावं. पण त्याला कारणं वेगळी आहेत." मग त्यांनी येरझारा घालत जी कारणं दिली, ती संपेपर्यंत दोन्हीकडची मंडळी कशालाही तयार झाली होती.

कल्याण स्टेशनबाहेर एकदा, मी बरोबर असताना, त्यांची रिक्षावाल्याशी जुंपली. मामांचं म्हणणं, पुलावरून चल. त्याचं म्हणणं, आतल्या रस्त्याने. "काका, तुमचं वय झालं, तुम्हाला नवे रस्ते माहीत नाहीत," तो म्हणाला. मामांनी रिक्षात बसल्या बसल्या फुली मारली, ती माझ्या नाकावर बसली. "माझं वय काढू नकोस, रस्त्यावर बोल!" भांडण पाहून एक गृहस्थ थांबले आणि मामांची बाजू घेऊन म्हणाले, "अहो, हे रिक्षावाले सगळे एकजात असेच!" झालं. मामा रिक्षातून उतरले आणि त्या गृहस्थांना धरलं. सगळे रिक्षावाले असे असले तरी आतला रस्ता जवळचा असू शकत नाही का? तुम्ही रस्ता पाहिलाय का? मग रिक्षावाल्यांची जात कशाला काढता? गृहस्थ आले तसे पळाले. रिक्षावाला इतका खूश झाला की आम्हाला पुलावरून घेऊन गेला, आणि मामा रस्ताभर त्याला आतलाच रस्ता कसा बरोबर होता ते पटवून देत होते.

घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी लाल फुल्यांचा इतका सडा घातला की माझ्या मेहुण्याने त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. काढताना त्याने "मामा विचित्र आहेत" असं कारण दिलं. मामांनी त्याला लगेच फोन केला आणि हे कारण रिजेक्ट करून काढून टाकण्याचं दुसरं, पटण्यासारखं कारण त्याला सुचवलं. ते पटल्यामुळे मामा अजूनही ग्रुपबाहेर आहेत.

या सगळ्यात खरा जीव जातो तो मामींचा. मामी मालवणकडच्या, तोंडाने तिखट आणि मनाने गूळ. "ह्यांच्याशी भांडायची सोय नाही हो, जावईबापू," त्या मला नेहमी सांगतात. "‘तुम्ही अगदी तुमच्या आईवर गेलात’ म्हटलं की फुली. ‘तुमचं हे नेहमीचंच’ म्हटलं की फुली. आता नवऱ्याशी भांडताना नवऱ्यावर नाही बोलायचं तर काय शेजाऱ्यावर बोलायचं?" मला हे शंभर टक्के पटतं, पण मामांसमोर मी ते कबूल करत नाही.

मामा-मामींचं घर डोंबिवलीत, चौथ्या मजल्यावर. इमारत जुनी, लिफ्ट नाही. मामींचे गुडघे गेले आणि हळूहळू त्यांचं खाली येणंच बंद झालं. एका भाचीच्या लग्नाला त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी खाली उतरवलं होतं. त्यानंतर त्यांनी कानाला खडा लावला. "गणपतीसारखं उतरवलं मेल्यांनी मला. फक्त ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणायचं राहिलं होतं!" हे त्या हसत सांगतात, पण सांगून झालं की ग्रिलबाहेर बघत बसतात. भाजी, दूध, औषधं हे सगळं एका कापडी पिशवीतून वर जातं. मामी ग्रिलमधून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडतात, खालचं कुणीतरी ती भरतं आणि मामी ओढून घेतात. दोन वर्षं मामींचा खालच्या जगाशी संबंध त्या पिशवीपुरताच होता.

म्हणून सोसायटीच्या सभेत लिफ्टचा ठराव येणार असं कळलं तेव्हा मला वाटलं, आता मामा तलवार उपसणार. एवढा वादपटू माणूस, घरात एवढं मोठं कारण! पण मामा गप्प. मी फोनवर विचारलं तर म्हणाले, "मुद्दा इतका चांगला आहे रे, मी मांडला तर नासेल. लोक म्हणतील, बायकोच्या गुडघ्यांसाठी बोलतोय."

"पण मामा, कोण बोलतंय ते बघायचं नाही ना?"

"मी बघत नाही. लोक बघतात," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मग हा माणूस मजल्यामजल्यावर बेल वाजवत फिरला. स्वतः बोलायचं नाही, पण दुसऱ्यांना मुद्दे पढवायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना त्यांनी स्ट्रेचर, सिलिंडर आणि म्हातारपण असे तीन मुद्दे पाठ करून घ्यायला लावले. सभेत गृहस्थांनी ते असे एकत्र केले की लिफ्टमधून सिलिंडरसकट म्हातारी माणसं न्यायची आहेत, असा सगळ्यांचा समज झाला आणि निम्मी सभा घाबरली.

ठरावाला विरोध होता तळमजल्यावरच्या भोईरांचा. इमारत उभी आहे ती जागा पूर्वी भोईरांच्या भातशेतीची. त्यामुळे इथे कुठेही खड्डा खणायचा म्हटला की तो त्यांना आपल्याच अंगणात खणल्यासारखा वाटतो. लिफ्टचा खड्डा त्यांच्या भिंतीला लागून येणार होता. "भिंतीला ओल येल," एवढाच त्यांचा मुद्दा. पहिल्या सभेत तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांना सुनावलं, "तुम्ही तळमजल्यावर राहता, तुमचं काय जातंय विरोध करायला?" टाळ्या पडल्या. भोईर ओशाळले, आता मान डोलावणार एवढ्यात मामा उठले आणि फुली पडली. "रिजेक्ट! ते कुठे राहतात हा मुद्दा नाही. ओल येईल हा मुद्दा आहे, त्याला उत्तर द्या." उत्तर कुणाकडेच नव्हतं. सभा तहकूब. मामींनी हे सगळं वर ग्रिलमधून ऐकलं. जेवायला वाढताना त्या एवढंच म्हणाल्या, "भोईरांना वकील शोधायला नको. घरचाच आहे."

दुसऱ्या सभेत इंजिनिअर येऊन भिंतीला धोका नाही असं सांगून गेला. पण भोईर हटून बसले, त्यांचा इंजिनिअरवर विश्वास नव्हता. वैतागून कुणीतरी भोईरांच्या वडिलांनी विकलेल्या जमिनीचा विषय काढला, आणि मामांनी पुन्हा भोईरांची सुटका केली. पुन्हा सभा तहकूब. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. तत्त्व चांगलं हो, पण चौथ्या मजल्यावर जी बाई बसली आहे तिने त्या तत्त्वाचं काय करायचं? लोणचं?

तिसऱ्या सभेला मामांनी मला मुद्दाम बोलावलं. "तू बाहेरचा आहेस, सगळं नीट चाललंय की नाही ते बघ," म्हणाले. रविवारची सकाळ होती. कंपाउंडात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि मामा खुर्च्यांच्या दोन रांगांमधून येरझारा घालत होते. चर्चा जिथे होती तिथेच येऊन अडली. भोईर हाताची घडी घालून बसलेले, बाकीचे दात-ओठ खात त्यांच्याकडे बघणारे, आणि कुणी काही वावगं बोललं तर हाणायला मामांचं बोट तयार. एवढ्यात वरून ती पिशवी खाली आली. मामा घाईत ब्लडप्रेशरची गोळी विसरून आले होते. मामींनी गोळी आणि पाण्याची छोटी बाटली पाठवली होती. पिशवी सवयीने भोईरांच्या खुर्चीपाशी थांबली आणि भोईरांनी सवयीने ती धरली. आत बघितलं, वर बघितलं, आणि ते उभे राहिले.

"थांबा. मना ह्या मानसावर बोलाचं हाय."

मामांचं बोट वर जायला लागलं.

"बोट खाली ठेवा, मामा. आज मी मानसावरच बोलनार." भोईरांचा आवाज चढला. "दोन वरसं झाली, ही पिशवी मी भरतंय. कधी भाजी, कधी आमच्या घरचे बोंबील. वरून ग्रिलातनं मामींचा हात दिसतो. तोंड नाय दिसत. दोन वरसं मी त्या बाईचा नुसता हात बघतंय! आन हा त्यांचा नवरा. परत्येक सभेत माझ्या बाजूनं बोलतो. माझ्या! लोकं मना शिव्या देतात, हा मना सोडवतो. आवो, पन घरच्या बाईला कोन सोडवनार? असल्या दगडाच्या बाजूला मना नाय बसाचं. लिवा माझा होकार. भिंतीला ओल आली तं आली!"

 मग टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या टाळ्यांच्या वर मामांचा आवाज चढला. "रिजेक्ट! मी दगड आहे म्हणून लिफ्ट लागते, असं होत नाही! हा होकार धरू नका!" अध्यक्ष अक्षरशः हात जोडून म्हणाले, "अहो मामा, होकार मिळतोय तो घ्या ना!" पण मामा ऐकतात कसले. "चुकीच्या कारणाने मिळतोय!" असं म्हणत त्यांनी बोट खांद्यापाशी नेलं आणि फुलीची पहिली रेघ सपकन ओढली. दुसऱ्या रेघेसाठी हात डावीकडे गेला, तेवढ्यात वरून मामींचा आवाज आला.

"अहो, मी मुद्दा नाहीये! माणूस आहे! मला खाली यायचंय हो."

त्या ओरडल्या नव्हत्या. पण सगळ्या कंपाउंडला ऐकू गेलं. मामांचा हात डाव्या खांद्यापाशी तसाच राहिला. त्यांनी वर पाहिलं. ग्रिलमध्ये दोरी धरलेला हात दिसत होता. मी मामांना इतकी वर्षं ओळखतो, पण त्यांची फुली अर्धी राहिलेली मी तेव्हाच पाहिली. हात खाली आला, आणि मामा जवळच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. वाद चालू असताना बसले. भोईरांनी पिशवीतली गोळी त्यांच्या हातावर ठेवली, बाटलीचं झाकण उघडून दिलं. ठराव मताला आला तेव्हा बाकी सगळे हात वर गेले. मामांचे दोन्ही हात मांडीवर होते.

लिफ्ट बसायला पुढे बरेच महिने गेले. ती चालू झाली त्या दिवशी मामी जांभळी साडी नेसून, लिफ्टमध्ये स्टूल ठेवून, त्यावर बसून खाली आल्या. दार उघडल्यावर समोर भोईर. मामींनी त्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे केस कुठे गेले?" सगळ्यांनी चटकन मामांच्या बोटाकडे पाहिलं. बोट खालीच होतं. मामा मात्र लिफ्टने आले नव्हते. त्यांचं म्हणणं, चुकीच्या मुद्द्यावर मिळालेल्या गोष्टीचा मी लाभ घेणार नाही. मामी लिफ्टने निघाल्या की हे जिन्याने धावत सुटायचे, आणि लिफ्ट पोचायच्या आधी खाली नाहीतर वर दारात हजर. जिन्यात त्यांच्या चपलांची फटफट ऐकू यायची. मामी हसायच्या, "धावू दे. तेवढाच व्यायाम."

परवा मी गेलो तेव्हा संध्याकाळ होती. मामा आणि मामी कंपाउंडातल्या बाकावर बसले होते. हल्ली मामा बसतात. शेजारी पार्किंगवरून दोघांची कचकच चालली होती, एकाने दुसऱ्याची अक्कल काढली, मामांचं बोट थोडं हललं आणि पुन्हा गुडघ्यावर विसावलं. मामी भोईरांच्या बायकोशी बोलायला चार पावलं पुढे गेल्या, तेव्हा मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "भोईरचा मुद्दा चुकीचाच होता रे. आजही म्हणेन. पण कारखान्यात मी ट्रेवरचे बिल्ले काढून ठेवायचो ना... ते घरी काढायचे नसतात. हे मला कुणी सांगितलंच नाही."  मला रडू येत होतं आणि मामांसमोर रडण्याला काही कारण द्यावं लागेल, अशी भीती वाटत होती.

अंधार पडायला लागला तसे आम्ही उठलो. मामी लिफ्टमध्ये शिरून स्टुलावर बसल्या. मामा जिन्याकडे वळले. हल्ली त्यांना दुसऱ्या मजल्यावर थांबून दम घ्यावा लागतो. लिफ्ट आधी पोचते आणि मामी वर दारात उभ्या राहून चपलांच्या आवाजाची वाट बघतात. त्या दिवशी मामींनी बटण दाबलं नाही. दार हाताने धरून ठेवलं.

"या आत," त्या म्हणाल्या.

"कारण काय?" मामांनी पायरीवरून विचारलं.

"कारण काही नाही. मी म्हणतेय म्हणून."

मामा पायरीवर उभे राहिले. उजवं बोट वर आलं, खांद्यापर्यंत गेलं. भोईर आपल्या घराच्या दारात आले होते, तेही बघत राहिले. मग मामांनी त्या बोटाने नाकावरचा चष्मा सरळ केला, पायरी उतरले आणि लिफ्टमध्ये मामींच्या शेजारी जाऊन उभे राहिले. दार लागलं. लिफ्ट वर गेली, आणि मी सवयीने जिन्यातून त्यांच्या चपलांचा आवाज येतोय का ते ऐकत खालीच उभा राहिलो.